कापडाचा उलटा माग

१९८८ साली पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीने बॉस्टन शहरात कपड्यांचं नवं दुकान उघडलं. थोड्याच दिवसांत तिथे काम करणाऱ्यांची डोकी दुखू लागली. हवा खेळवणारी यंत्रणा तपासली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. यंत्रणेत दोष असल्यामुळे तीच ती हवा दुकानात फिरत होती, आणि त्या हवेत फॉर्मल्डिहाइड होतं. ते येत होतं तळघरात रचून ठेवलेल्या सुती कपड्यांमधून. सुती कापड आटू नये, चुरगळू नये म्हणून गिरणीत त्यावर जी शेवटची प्रक्रिया करतात, तिच्यात हे रसायन वापरलं जाई.

यंत्रणा दुरुस्त झाली असती आणि विषय तिथेच संपला असता. पण कंपनीतल्या लोकांना एका प्रश्नाने सोडलं नाही. आपण जे कपडे विकतो त्यांत हे आहे, हे आपल्याला माहीत कसं नव्हतं? कापूस म्हणजे शुद्ध, नैसर्गिक, निरुपद्रवी असं तीही माणसं तुमच्या-आमच्यासारखंच धरून चालली होती. कापड कोणत्या गिरणीत विणलं, कोणत्या पाण्यात रंगवलं, कापूस कुणाच्या शेतात आणि कशावर पिकला, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. कपड्याच्या धंद्यात हे विचारायची रीतच नव्हती. आजही ती फारशी रुजलेली नाही.

कपड्यांची एखादी कंपनी पर्यावरणाच्या बाजूने सुधारू पाहते तेव्हा नेमकं काय करते, हे समजून घ्यायला मला पॅटागोनियाचं उदाहरण सर्वांत उपयोगी वाटतं, कारण आपल्या अडचणी आणि अपुरेपण या कंपनीने वेळोवेळी छापून सांगितलं आहे. तिच्या साडेतीन दशकांच्या खटपटीतून एक गोष्ट लख्ख दिसते. कपड्यामुळे होणारं नुकसान दुकानात किंवा शिलाई मशिनवर फार थोडं होतं. ते होतं त्याच्याही मागे, शेतात, सूतगिरणीत, रंगाईच्या हौदात, म्हणजे जी ठिकाणं कंपनीच्या मालकीची नसतात तिथे. म्हणून खरं काम सुरू होतं ते कपड्याचा उलटा माग काढण्यापासून.

माग काढायची सवय या कंपनीला थोडी जन्मापासून होती. संस्थापक इव्हॉन शुईनार्ड हा गिर्यारोहक. १९५७ मध्ये त्याने एक जुनी कोळशाची भट्टी विकत घेतली, लोहारकाम स्वतःच शिकला आणि कातळाच्या फटीत ठोकायचे पोलादी पिटॉन घडवून विकू लागला. सह्याद्रीच्या सुळक्यांवर चढणाऱ्यांना पिटॉन म्हणजे काय हे सांगायला नको. १९७० पर्यंत त्याची कंपनी गिर्यारोहणाची साधनं बनवणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी कंपनी झाली होती आणि पिटॉन हाच तिच्या धंद्याचा कणा होता. पण कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याच्या कातळभिंतींवर त्याच त्या फटींमध्ये पिटॉन ठोकून आणि उपटून कातळ फुटू लागला होता. शुईनार्ड आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट यांनी हे पाहिलं आणि पिटॉनचा धंदा आवरता घ्यायचं ठरवलं. १९७२ च्या त्यांच्या कॅटलॉगमध्ये चौदा पानांचा लेख होता: हातोडी लागणार नाही, फटीत हाताने बसवून हातानेच काढता येतील अशा अ‍ॅल्युमिनियमच्या चोकनटांवर चढाई कशी करायची, याचा. काही महिन्यांतच लोक चोकनट मागू लागले. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, कपड्यांसाठी पॅटागोनिया हे नाव घेतलं गेलं.

ती निवड धाडसाची होती हे खरं, पण तिथे पर्याय हाताशी होता आणि तो बनवणारेही तेच होते. कापसाच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

बॉस्टनच्या प्रकरणानंतर, १९९१ च्या सुमाराला, कंपनीने आपल्या चार मुख्य धाग्यांचा अभ्यास करवून घेतला: कापूस, लोकर, पॉलिएस्टर आणि नायलॉन. पेट्रोलियमपासून बनणारे धागे वाईट ठरतील असा सगळ्यांचा अंदाज होता. निष्कर्ष उलटा निघाला. कृत्रिम खतं आणि कीटकनाशकांवर वाढवलेला कापूस सर्वांत घातक धाग्यांपैकी एक निघाला. हे समजलं ते वर्षही कठीण होतं. धंदा मंदावला होता आणि त्याच वर्षी जुलैअखेर कंपनीने १२० जणांना, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या माणसांना, कामावरून कमी केलं होतं.

त्यानंतर कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना बसमधून कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यातली कापसाची शेतं दाखवायला नेलं. अमेरिकेत कापूस यंत्राने वेचतात. पानं मध्ये येऊ नयेत म्हणून वेचणीआधी झाडांवर पानझडीचं रसायन फवारतात. बोंडं तेवढी उरतात, बाकी झाड वाळतं. डिझाइन करणारा, हिशेब लिहिणारी, दुकानात उभा राहणारा, अशा सगळ्यांनी ते शेत डोळ्यांनी पाहिलं आणि तो वासही घेतला. माझ्या मते कंपनीने केलेला हा सर्वांत शहाणा खर्च होता, कारण पुढे जी आर्थिक झळ सोसायची होती ती कशासाठी, हे नंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

१९९४ मध्ये ठरलं की १९९६ च्या वसंतापासून सगळे सुती कपडे सेंद्रिय कापसाचेच असतील. हातात दीड वर्ष होतं. सेंद्रिय कापूस नेहमीच्या कापसापेक्षा दीडपट ते दुप्पट महाग होता, पण भाव ही अडचणींतली पहिलीच होती. बाजारात दलालाकडून हवा तेवढा माल उचलावा, असं इथे शक्य नव्हतं. सेंद्रिय कापूस पिकवणारे शेतकरी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच होते. त्यांना शोधून थेट त्यांच्याकडे जावं लागलं. मग प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे, प्रत्येक गाठीचा पत्ता शेतापर्यंत लागावा म्हणून. मग जिनिंगवाल्याकडे, कारण सरकी काढताना यंत्रात आधीच्या कापसाची रुई राहिली तर सगळी भेसळ होते. तिथून सूतगिरणीत, आणि तिथेही तीच विनवणी: आमचा माल लावण्याआधी आणि नंतर यंत्रं साफ करा. गिरणीच्या दृष्टीने हा माल किरकोळ होता. एवढ्याशा कामासाठी यंत्र थांबवायचं म्हणजे तिचं नुकसानच.

सूतगिरणीची तक्रारही खोटी नव्हती. या कापसात पानांचे तुकडे, काटक्या जास्त होत्या आणि माव्याच्या गोड स्रावामुळे तो चिकट झाला होता. मावा म्हणजे काय हे आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. तो पानांवर बसतो, रस शोषतो आणि चिकट पदार्थ सोडतो. हा पदार्थ बोंडावर पडला की रुई यंत्राच्या रुळांना चिकटते आणि सूत तुटत राहतं. थायलंडमधल्या एका गिरणीने यावर अफलातून तोड काढली. कातण्याआधी कापूस गोठवायचा. गारठला की चिकटपणा जातो आणि रुई रुळांवरून सरकते. कुठल्याही पर्यावरणपरिषदेत असली युक्ती सुचणार नाही. ती रोज सुताशी झगडणाऱ्या माणसालाच सुचते.

या सगळ्यात कंपनीला सुती कपड्यांचे प्रकार ९१ वरून ६६ वर आणावे लागले. पण १९९६ ची मुदत पाळली गेली आणि त्यानंतर कंपनी मागे फिरली नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की सेंद्रिय कापूस घेतला म्हणजे काम झालं. आता तोच कापूस भारतात पाहू, कारण सेंद्रिय कापसाच्या जागतिक उत्पादनात भारत सर्वांत पुढे आहे. इथे रसायनाचा प्रश्न नदी आणि मातीपुरता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. पीक माणसाच्या उंचीला आलेलं, दमट हवा, तोंडाला फार तर एखादं फडकं, आणि पाठीवर पंप. त्या कपाशीची रुई पुढे कुठल्या शर्टात गेली, हे कुणी कधी सांगू शकणार नाही. उलटा माग लागत नसला की असं होतं: मरणाची बातमी स्थानिक राहते आणि कापड जगभर जातं.

मग शेतकरी सेंद्रियकडे का वळत नाही? मुख्य कारण मधली वर्षं. रसायनं थांबवल्यावर प्रमाणपत्र मिळायला साधारण तीन वर्षं लागतात. या काळात उत्पन्न घटतं, कारण मातीला आणि मित्रकिडींना सावरायला वेळ लागतो, आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे खर्च सेंद्रियचा, भाव नेहमीचा. दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाने हा तोटा कुठून भरायचा? शिवाय बियाणं. सेंद्रिय प्रमाणपत्राला जनुक बदललेलं बीटी बियाणं चालत नाही आणि आपल्याकडे कपाशीखालच्या बहुतेक क्षेत्रावर बीटीच आहे. चांगलं बिगर-बीटी बियाणं मिळवणं हीच पहिली लढाई. शेजाऱ्याच्या फवारणीचे तुषार येतात, म्हणून बांधालगतच्या ओळी सोडायच्या, ही पुढची.

पॅटागोनियाने या मधल्या वर्षांतला कापूस, अजून प्रमाणपत्र न मिळालेला, जादा भावाने घेण्याची योजना आखली. मला हे पाऊल १९९६ च्या घोषणेपेक्षाही मोलाचं वाटतं. तयार सेंद्रिय माल घेणारा बाजारात असलेल्यातलाच वाटा उचलतो. मधल्या काळातला कापूस घेणारा नवा शेतकरी उभा करतो. २०१७ मध्ये रोडेल इन्स्टिट्यूट ही सेंद्रिय शेतीची संशोधन संस्था, डॉक्टर ब्रॉनर्स ही साबण कंपनी आणि पॅटागोनिया यांनी मिळून सेंद्रियच्याही पुढचं एक मानक तयार केलं. त्यात जमिनीचा कस वाढणं आणि शेतातल्या माणसाला न्याय्य मोबदला मिळणं या अटी जोडल्या. २०१८ मध्ये त्याचा पहिला प्रयोग भारतातल्या दीडशेहून अधिक कापूस शेतकऱ्यांबरोबर सुरू झाला. आंतरपीक, शेणखत, आच्छादन, कमीत कमी नांगरट ही त्यातली कामं विदर्भातल्या शेतकऱ्याला परकी नाहीत. कपाशीत तुरीच्या ओळी घेणं, निंबोळी अर्क, दशपर्णी, जीवामृत हे आपल्या शिवारात अनेकांनी टिकवलेलं ज्ञान आहे. उणीव आहे ती हे सगळं करणाऱ्याच्या मालाला वेगळा भाव देणाऱ्या खरेदीदाराची.

आणि उणीव आहे विश्वासाची. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेने जाहीर केलं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. त्यासाठी सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी केली होती. या फसवणुकीत सर्वांत जास्त कोण भरडलं गेलं असेल, तर इमानाने तीन वर्षं कळ काढलेला शेतकरी. म्हणून शर्टाला लटकवलेल्या हिरव्या चिठ्ठीपेक्षा मी त्या कंपनीला एकच गोष्ट विचारीन: हा कापूस कोणत्या गटाचा, त्यांच्याकडून किती वर्षं घेता? जिच्याकडे उत्तर आहे तिने माग काढलेला असतो.

पॉलिएस्टरची कथा वेगळ्या वळणाची आहे. १९९३ मध्ये पॅटागोनियाने शीतपेयांच्या वापरलेल्या प्लास्टिक बाटल्यांपासून फ्लीसचं जाकीट बनवलं. बाहेर भटकणाऱ्यांसाठी कपडे बनवणाऱ्या कंपन्यांत ती पहिली. एका जाकिटाला साधारण पंचवीस बाटल्या. बाटल्या धुऊन, चुरा करून, वितळवून, बारीक छिद्रांतून दाबून धागा काढायचा. नवं तेल उपसायला नको, कचरा कमी. सगळ्या जगाने ही कल्पना उचलली आणि आज पुनर्वापरातलं पॉलिएस्टर म्हणजे बहुतेक वेळा बाटल्यांचंच असतं.

पण धाग्याचा माग कपडा विकल्यावर संपत नाही. फ्लीस उबदार असतं ते त्याच्या उभ्या केलेल्या केसाळ पृष्ठभागामुळे, आणि ते केस धुताना तुटतात. पॅटागोनियाने स्वतः पैसे देऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांकडून हे तपासून घेतलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: एका धुलाईत कृत्रिम धाग्यांच्या एका जाकिटातून सरासरी १.७ ग्रॅम सूक्ष्म तंतू सुटतात. जुनं झालेलं जाकीट जवळजवळ दुप्पट सोडतं. आणि वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये समोरून कपडे टाकायच्या मशीनपेक्षा सुमारे सातपट तंतू निघतात. हे तंतू सांडपाण्यातून नदीत आणि पुढे समुद्रात जातात. आपल्या घरांत वरून कपडे टाकायची मशीनं किती आहेत आणि आपलं किती सांडपाणी प्रक्रियेविना वाहतं, हे लक्षात घेतलं तर हा आकडा आपल्यालाही लागू आहे.

ज्या कपड्यावर कंपनीचं नाव उभं आहे त्याच्याच विरुद्ध जाणारं संशोधन तिने करवून घेतलं, याचं मोल आहे. त्यातून काही वाटा निघाल्या. धागा आणि वीण बदलून तंतू कमी सोडणारं कापड शोधणं ही एक. सॅमसंगबरोबर धुलाई मशीनसाठी कमी तंतू सोडणारी धुलाईची पद्धत बसवणं ही दुसरी, ती २०२३ मध्ये बाजारात आली. थंड पाण्यात, मशीन पूर्ण भरून आणि गरज असेल तेव्हाच धुणं हे तर कुणालाही करता येईल. पण प्रश्न सुटलेला नाही.

पावसाळी जाकिटाचंही तसंच. पाण्याचे थेंब घरंगळून जावेत म्हणून कापडावर वर्षानुवर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देत आले. ही रसायनं निसर्गात जवळजवळ विघटितच होत नाहीत. आधी लांब साखळीची सोडून आखूड साखळीची घेतली, मग कळलं की तीही टिकून राहतात. २०२५ च्या वसंतापासून पॅटागोनियाच्या नव्या जलरोधक कपड्यांत ती मुद्दाम घातली जात नाहीत.

आता रंगाई. हा सगळ्यात ओला आणि सगळ्यात गरम टप्पा. कापड भिजवायचं, विरंजन करायचं, रंगात उकळायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं, वाळवायचं. नदीला जे भोगावं लागतं ते इथून. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीचं असं काही केलं की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करण्याचा आदेश दिला. इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचं आणि पंचगंगेचं नातं कोल्हापूरकरांना माहीत आहे, जरी त्या नदीवर साखर कारखान्यांचा आणि शहरांच्या सांडपाण्याचाही भार आहे.

आपली नेहमीची पद्धत म्हणजे शेवटच्या पाइपाशी बाटली धरून पाणी तपासायचं. पॅटागोनियाने २००० सालापासून ज्या स्विस संस्थेबरोबर काम केलं ती ब्लूसाइन, तिची रीत उलटी. कारखान्याच्या फाटकातून आत काय येतं ते तपासायचं. प्रत्येक रंग, प्रत्येक मऊ करणारं द्रव्य, प्रत्येक साबण यादीत आहे का पाहायचं. जे आत आलंच नाही ते पाण्यातून बाहेर काढायची वेळ येत नाही. शहाण्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात जो न्याय असतो तोच हा. मात्र यासाठी प्रोसेस कारखानदाराला महाग रसायनं घ्यावी लागतात आणि मीटरमागे भाव वाढवून मिळावा लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवायला वीज लागते, माणसं लागतात. खरेदीदार दर हंगामाला चार आणे पाडून मागणार असेल तर तो खर्च कुणाच्या तरी नदीतच जातो. नुसत्या दंडाने हे थांबेल असं मला वाटत नाही. खरेदीचा भाव आणि खरेदीची मुदत या दोन गोष्टी बदलल्याशिवाय कारखानदाराला दुसरा रस्ता राहत नाही.

माग काढताना माणसंही सापडली. २००७ मध्ये कंपनीने आपल्या काही कपड्यांचा प्रवास धाग्यापासून दुकानापर्यंत नकाशावर मांडून सर्वांना खुला केला. तेव्हाची पाहणी बहुतेक शिलाईच्या कारखान्यांपुरती होती. २०११ मध्ये ती कापड बनवणाऱ्या गिरण्यांपर्यंत गेली आणि तैवानमध्ये आढळलं की परदेशांतून आलेल्या कामगारांनी ही नोकरी मिळवण्यासाठी दलालांना हजारो डॉलर दिले होते आणि ते कर्ज फेडत वर्षानुवर्षं राबत होते. पर्यावरणाच्या लेखात हे का, असं कुणी विचारील. कारण जो पुरवठादार माणसाला असं वागवू शकतो आणि ते दिसत नाही, तिथे रसायनही दिसत नाही. डोळे एकच आहेत.

आता त्या जाहिरातीकडे येऊ, जिच्यामुळे पॅटागोनियाचं नाव कपड्यांशी संबंध नसलेल्यांपर्यंतही पोचलं. २५ नोव्हेंबर २०११, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खरेदीचा दिवस. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पूर्ण पान जाहिरात, त्यात कंपनीचंच जाकीट आणि वर मजकूर: हे जाकीट घेऊ नका. खाली हिशेब होता. हे जाकीट बनवायला १३५ लिटर पाणी लागतं, म्हणजे ४५ माणसांची दिवसाची पिण्याची गरज. त्याच्या वजनाच्या चोवीसपट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वजनाच्या दोन तृतीयांश इतका कचरा मागे राहतो. आणि हे सगळं ६० टक्के पुनर्वापरातल्या पॉलिएस्टरचं, टिकाऊ जाकीट असून.

त्यानंतरच्या वर्षात कंपनीची विक्री सुमारे एक तृतीयांशाने वाढली. अनेकांनी तेव्हा म्हटलं की हा सगळा विक्रीचाच डाव. मी त्या हिशेबाकडे पाहतो. दर वस्तूमागचं नुकसान वीस टक्क्यांनी कमी केलं आणि वस्तू तीस टक्क्यांनी जास्त विकल्या, तर नदीला आणि हवेला फायदा शून्य. पुनर्वापरातला धागा, सेंद्रिय कापूस, स्वच्छ रंग हे सगळं या एका गुणाकाराने पुसलं जातं. हा पेच या कंपनीने सोडवलेला नाही, पण तो स्वतःहून छापणारी दुसरी मोठी कंपनी मला ठाऊक नाही.

पेचातून निघायचा एकच प्रामाणिक रस्ता दिसतो: एकदा बनलेला कपडा जास्तीत जास्त वर्षं अंगावर राहणं. २००५ मध्ये पॅटागोनियाने झिजलेले कपडे परत घेऊन जपानच्या तेजिन कंपनीत वितळवून नवा धागा करण्याची योजना सुरू केली होती. अनुभवाने तिला कळलं की वितळवणं ही शेवटची पायरी. आधी कमी घेणं, मग दुरुस्ती, मग दुसऱ्याला देणं. नेवाडा राज्यातल्या रेनो इथे तिचं दुरुस्ती केंद्र आहे, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथे येणारी जाकिटं पाहिली तर कापड बहुधा धडधाकट असतं. गेलेली असते ती चेन. आता चेन बदलायची तर अस्तर किती उसवावं लागेल, हे ठरतं डिझाइन करताना. चेनची शिवण अस्तराच्या आत गाडून टाकली तर दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं आणि दुरुस्ती नव्या जाकिटाइतकी महाग पडते. म्हणून टिकाऊपणाचं काम कागदावर पहिली रेघ ओढताना सुरू होतं, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला डिझाइनवाल्याच्या शेजारी बसवणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

२०१३ पासून वॉर्न वेअर या नावाने कंपनी जुने कपडे परत घेते, धुते, सांधते आणि कमी भावात पुन्हा विकते. आपल्याकडे बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्याचा पोत बोटांनी चाचपायची आणि त्यावर भांडं ठरायचं. पुढे ते कपडे बाजारात जाऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढायचे. ती साखळी शहरांत जवळजवळ तुटली, ती नवं कापड जुनं म्हणून विकण्याइतकंही टिकेनासं झालं तेव्हापासून. चार धुलाईंत गोळे येणाऱ्या कपड्याला दुसरा मालक मिळत नाही. पानिपतच्या गिरण्या परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून सूत काढून ब्लँकेटं विणतात, पण मिश्र धाग्यांच्या कपड्यांनी त्यांचंही काम अवघड केलं आहे. कापूस, पॉलिएस्टर आणि ताणणारं इलॅस्टेन एका धाग्यात गुंफलं की ते वेगळं करणं फार कठीण. जीन्समध्ये दोन टक्के इलॅस्टेन घालताना हा विचार कुणी करत नाही.

पैशांची बाजू थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही कंपनी नफ्याचा दहावा हिस्सा पर्यावरणासाठी देत होती. पुढे तिने विक्रीच्या एक टक्क्याचं बंधन घातलं, म्हणजे तोटा झाला तरी द्यायचं, आणि २००२ मध्ये इतर कंपन्यांनाही या बंधनात आणणारी संस्था उभी केली. सप्टेंबर २०२२ मध्ये शुईनार्ड कुटुंबाने मालकीच सोडली. मताधिकार असलेले दोन टक्के भाग एका न्यासाकडे गेले, उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के हवामान आणि निसर्गासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे. कंपनीची किंमत तेव्हा सुमारे ३ अब्ज डॉलर होती, आणि धंद्यात न गुंतवलेला नफा, वर्षाला १० कोटी डॉलरच्या आसपास, त्या संस्थेकडे जाईल असं ठरलं. यात कर वाचला अशी टीका झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दर तिमाहीला विक्री वाढवून दाखवा म्हणणारा भागधारक आता तिथे नाही. वर सांगितलेल्या गुणाकाराला आवर घालायचा असेल तर ही अट आधी पुरी व्हावी लागते.

एवढं सगळं करूनही २०२५ पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचं तिचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. नवी मुदत २०४० ची आहे. दुकानं, कार्यालयं, गोदामं यांची वीज स्वच्छ करणं तिच्या हातात होतं. पण तिच्या एकूण उत्सर्जनातला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा पुरवठादारांकडे होतो, आणि त्यातला मोठा भाग कापड बनवताना आणि रंगवताना. वाफ हवी, वाफेला बॉयलर, आणि आशियातल्या कितीतरी गिरण्यांत बॉयलरला कोळसा. त्या एका बॉयलरच्या वाफेवर दहा-बारा कंपन्यांचं कापड रंगतं. त्यात पॅटागोनियाचा वाटा गिरणीच्या कामाच्या चार-पाच टक्के असला, तर तिच्या एकटीच्या सांगण्यावरून कोणता मालक बॉयलर बदलेल?

हे ओळखून तिने २००९ मध्ये वॉलमार्टला सोबत घेऊन मोठ्या कंपन्यांना पत्र लिहिलं. त्यातून पुढे कपडेउद्योगाची आघाडी तयार झाली आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणारा हिग निर्देशांक आला. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने त्यावरच बोट ठेवलं. सरासरी आकड्यांच्या आधारे अमुक कपडा पर्यावरणाला चांगला असं गिऱ्हाइकाला सांगणं दिशाभूल करणारं आहे, असं ते म्हणालं. बरोबरच म्हणालं. सरासरी म्हणजे माग न काढता दिलेलं उत्तर. यवतमाळचा कापूस आणि टेक्ससचा कापूस, कोळशावरची गिरणी आणि सौरउष्णतेवरची गिरणी यांची सरासरी काढून कोणत्याच नदीचं पाणी मोजलं जात नाही.

राहिलेली वाट सावकाशीची आहे. एकाच गिरणीतून माल घेणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसायचं, नव्या बॉयलरचा खर्च आपापल्या खरेदीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, आणि कर्ज फिटेपर्यंतच्या पाच-सात वर्षांची खरेदी लेखी बांधून द्यायची. बँक मग मालकाला दारात उभं करते. विदर्भातल्या त्या तीन वर्षांच्या कापसाला जी हमी लागते, तीच इथे यंत्राला लागते.